पहिल्या ओळीत कॉर्क

आयर्लंडमधल्या ड्रमकील गावात कुणालाही कसलाही फॉर्म भरायचा असला, की तो फॉर्म डिम्प्ना गिलमार्टिनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन पडायचा. पासपोर्टचा, मेंढ्यांच्या नोंदणीचा, विधवा पेन्शनचा, घरामागे शेड बांधायच्या परवानगीचा. तशी ती तालुक्याच्या गावी पतपेढीत खिडकीवर बसायची. तरुणपणी डब्लिनला राहून तिनं रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, पण ती आता कुणाच्या लक्षातही नव्हती. गावात तिचा मान होता तो फॉर्मांमुळे. आधी पेन्सिलीनं कच्चं लिहायचं, मग समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं, "हेच म्हणायचंय ना?" असं विचारायचं, आणि मगच पेन उचलायचं, ही तिची पद्धत. पंचवीस वर्षांत तिनं भरलेला एकही फॉर्म परत आला नव्हता. याची तिला थोडी मिजासही होती.

"मी मेलो की सेंट पीटर स्वर्गाच्या दारात अडवून म्हणणार, फॉर्म कुठाय?" तिचा नवरा ऑली सगळ्यांना सांगायचा. "म्हणून मी डिम्प्नाच्या नंतर मरणार आहे. ती आधी जाऊन भरून ठेवेल."

ऑली कौंटीच्या रस्त्यांवर कामाला होता. खड्डे बुजवणं, कडेची झुडपं छाटणं, हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून पहाटे मीठ टाकायला जाणं. मोठा मुलगा फिन्टन ऑस्ट्रेलियात, पर्थला. "एका वर्षासाठी जातोय" म्हणून गेला त्याला सहा वर्षं झाली होती. आता बोलताना त्याची वाक्यंसुद्धा तिकडच्यासारखी शेवटाला वर चढायची. फिन्टनच्या खोलीत डिम्प्नानं इस्त्रीचं टेबल लावलं होतं. खोली रिकामी दिसू नये म्हणून.

उरली सोर्खा. सतरा वर्षांची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. हिला इंजिनियर व्हायचं होतं, आणि त्याचं कारण घरामागचा डोंगर होता. चार वर्षांपूर्वी तिथं पवनचक्क्या उभ्या करायचं काम चालू असताना पावसाळी आठवड्यात वरची दलदलीची काळी माती अख्खी सरकली आणि ओढ्यातून वाहत खाली आली. मासे मेले, पूल बुडाला. गावात सभा झाल्या, "पवनचक्क्या नकोत"चे फलक लागले. सगळे भांडत होते तेव्हा सोर्खा रबरी बूट घालून रोज डोंगरावर जायची आणि माती कुठून सुटली ते वहीत काढायची. "पवनचक्की वाईट नाही, मम्मी," ती म्हणायची. "तिच्याखाली काय आहे ते कुणी बघितलंच नाही." शाळेच्या ग्रंथालयात तिला कॉर्क विद्यापीठाची माहिती मिळाली. ऊर्जा अभियांत्रिकी. तेव्हापासून तिच्या तोंडी कॉर्क.

कॉर्क म्हणजे देशाचं दुसरं टोक. एक बस, मग दुसरी, मग आगगाडी. सकाळी निघालेली पोर अंधार पडल्यावर पोचणार. आणि पोचून राहणार कुठं? दर सप्टेंबरात पेपरात मुलांच्या गोष्टी यायच्या, कुणी मित्राच्या सोफ्यावर झोपतोय, कुणी रोज तीन तासांचा प्रवास करतोय, कुणी खोलीसाठी भलत्याच माणसाला पैसे देऊन बसलाय. डिम्प्ना त्या बातम्या कापून ठेवत नव्हती एवढंच. पाठ सगळ्या होत्या.

आणि स्लायगो पंचवीस मिनिटांवर होतं. तिथंही इंजिनियरिंग होतं, चांगलं होतं. सकाळी गाडीनं जायचं, संध्याकाळी घरी जेवायला.

सेंट ब्रिजिडच्या दिवशी, म्हणजे एक फेब्रुवारीला, अर्जाची मुदत संपायची. त्या आधीच्या रविवारी मायलेकी टेबलाशी बसल्या. अख्ख्या देशातल्या कॉलेजांसाठी अर्ज एकच असतो, गॉलवेच्या केंद्रीय कार्यालयाकडे जाणारा. त्यात आपल्या पसंतीनं दहापर्यंत अभ्यासक्रम एकाखाली एक लिहायचे. जूनमध्ये परीक्षा, ऑगस्टमध्ये निकाल, आणि गुण बघून एका अभ्यासक्रमाचं बोलावणं येतं.

"कॉर्क पहिलं," सोर्खा म्हणाली.

"थांब. नीट विचार कर," डिम्प्ना म्हणाली. पेन्सिल तिच्या हातात होती. "कॉर्कला गुण जास्त लागतात. तू कॉर्क पहिलं टाकलंस आणि थोडक्यात हुकलं, तर? तोवर स्लायगोच्या जागा स्लायगो पहिलं टाकणाऱ्यांनी घेतलेल्या असणार. तुला उरलंसुरलं. जे मिळायची खात्री आहे ते वर टाकायचं, त्याच्याखाली स्वप्नं."

"असं असतं?"

"मी किती जणांचे फॉर्म भरलेत?"

सोर्खानं आईकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे. पंचवीस वर्षांच्या रेकॉर्डपुढं ती काय बोलणार? पहिल्या ओळीत स्लायगो गेलं. दुसऱ्या ओळीत कॉर्क, तिसऱ्या ओळीत गॉलवे. डिम्प्नानं यादी मोठ्यानं वाचून दाखवली. "हेच म्हणायचंय ना?"

"हो," सोर्खा म्हणाली. ते हो जरा उशिरा आलं.

डिम्प्ना खोटं बोलली नव्हती. जे सांगितलं ते तिला खरंच वाटत होतं. पण त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली, हेही खरं होतं.

यादीत फेरफार करायला एक जुलैच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मुभा असते. तिला नावच "मन बदलायची मुदत" असं आहे. परीक्षा संपली, आणि सोर्खा वर्गातल्या नऊ मुलींबरोबर आठवडाभर ग्रीसमधल्या क्रीटला गेली. शाळा संपली की मुलं कुठल्या तरी उन्हाच्या बेटावर जातातच. न जाणाऱ्याचीच चौकशी होते. मुदतीचा विषय घरात कुणी काढला नाही. डिम्प्नाला तारीख माहीत होती. पतपेढीच्या कॅलेंडरवर ती रोज दिसायची.

एक जुलै मंगळवारी आला. मंगळवारी डिम्प्नाला सुट्टी असायची. तिनं कपडे बाहेर दोरीवर टाकले, पाऊस आला म्हणून आत आणले, ऊन आलं म्हणून परत बाहेर टाकले. पावणेचारला पॅकी मॅकमॉरो दारात उभा राहिला. वय एकोणऐंशी, हातात मळकं पाकीट.

"लायसन्सचा फॉर्म," तो म्हणाला. "डॉक्टरनं सही केली, पण बाकीचं माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

"दिसत नाही तर गाडी कशी चालवता?"

"गाडीला फॉर्म वाचावा लागत नाही, पोरी. रस्ता तसाही मला ओळखतो."

तिनं चहा ठेवला, रुबार्बच्या आंबटगोड टार्टचा तुकडा त्याच्यापुढं ठेवला आणि चष्मा शोधू लागली. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, परदेशी.

"मम्मी? मी बोलतेय. हा ग्रेसचा फोन आहे. माझा समुद्रात पडला."

"समुद्रात? तू बरी आहेस ना? तू कुठं होतीस, बोटीवर? जॅकेट घातलं होतंस?"

"मम्मी, ऐक. वेळ नाही. फोनमध्ये चार्ज नाहीये. ग्रेसची आई शिक्षिका आहे ना, ती ग्रेसला आत्ता म्हणाली की यादी आपल्याला हवं त्या क्रमानं लावायची असते. मिळेल त्या क्रमानं नाही. आपण उलटं केलंय. तू कॉर्क पहिलं कर. आज पाचपर्यंत आहे. आत्ता तुझ्याकडं किती वाजलेत?"

"चार वाजायला आले. सोर्खा, ग्रेसच्या आईला काय कळतंय? ती फ्रेंच शिकवते."

"मम्मी."

"आणि तुला गुण कमी पडले तर? गणिताचा दुसरा पेपर अवघड गेला म्हणून तू दोन दिवस जेवली नव्हतीस. माझ्यासमोर रडलीस."

"कमी पडले तर पडले. पण मिळाले आणि मी मागितलंच नसेल तर? मम्मी, मला इथून करता येत नाहीये. पासवर्ड तुझ्या वहीत आहे. कॉर्क पहिलं, बाकीचं आहे तसं. करशील ना? सांग, करशील ना?"

"बघते."

"बघते नको. कर—"

फोन बंद झाला. डिम्प्नानं उलटा फोन लावला. एका बाईनं ग्रीकमध्ये काहीतरी सांगितलं.

"पोर बुडाली का?" पॅकीनं टार्ट खाता खाता विचारलं.

"फोन बुडाला."

"मग बरं झालं. त्या फोनांपायी पोरं भिंतीवर आपटतात."

डिम्प्नानं त्याचा फॉर्म बाजूला सरकवला. "पॅकी, दहा मिनिटं द्या मला." तिनं मिस फीलींचा नंबर लावला. मिस फीली शाळेत मुलांना पुढच्या शिक्षणाचं मार्गदर्शन करायच्या. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या आणि आता मधमाश्या पाळत होत्या. डिम्प्नाला मनातून वाटत होतं की त्या हसतील आणि म्हणतील, डिम्प्ना, तुझं बरोबर आहे, पोरींना काय कळतंय.

"क्रम? छे छे," मिस फीली म्हणाल्या. मागून मधमाश्यांची गुणगुण ऐकू येत होती. "वीस वर्षं मी घसा फोडून हेच सांगत होते. ते यंत्र मुलाची यादी वरून खाली वाचतं. गुण जिथं पुरतात तिथं थांबतं आणि ती जागा देतं. त्याच्या खालचं सगळं पुसून टाकतं, कायमचं. पुन्हा खाली कधी बघत नाही."

"पण वरचं हुकलं तर खालच्या जागा भरलेल्या नसतात का? पहिलं टाकणाऱ्यांनी?"

"कोण म्हणालं? जागा गुणांवर मिळते. कुणी पहिली टाकली आणि कुणी पाचवी, हे कॉलेजला कळतसुद्धा नाही. वर काहीही मागितलं तरी खालचं कमी होत नाही, डिम्प्ना. उलट खात्रीचं वर टाकलं तर तेच गळ्यात पडतं, मग वाटेल तेवढे गुण असोत. दरवर्षी चार-दोन पोरं अशी फसतात. आईबाप सांगतात, खात्रीचं वर टाक. प्रेमानंच सांगतात बिचारे."

डिम्प्नानं वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आजच मुदत आहे ना? सोर्खाचं ठीक आहे ना सगळं?"

"हो हो," डिम्प्ना म्हणाली. "कुणीतरी विचारत होतं म्हणून."

फोन ठेवताना तिला आपल्या आवाजाची लाज वाटली. चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

ती परत टेबलाशी येऊन बसली. तासाभरापूर्वीपर्यंत सगळं सोपं होतं. तिनं मुलीचं भलं म्हणून एक क्रम लावला होता, आणि मुलगी घरी राहणार होती तो त्या क्रमाचा नुसता परिणाम होता. आता तसं म्हणता येत नव्हतं. आता स्लायगो पहिल्या ओळीत राहिलं तर ते तिनं ठेवलेलं असणार होतं.

आणि ठेवायला करायचं तरी काय होतं? काही नाही. पॅकीचा फॉर्म भरायचा. पॅकीचा फॉर्म भरायला तासभर सहज लागतो. पाच वाजून जातील. संध्याकाळी सोर्खाचा फोन आला तर सांगायचं, इंटरनेट गेलं होतं गं. ते इथं जातंच, वारा जोराचा सुटला की जातं, सोर्खाच दर आठवड्याला त्यावरून शिव्या द्यायची. कुणीही विश्वास ठेवला असता. सोर्खा दोन दिवस रुसली असती, मग ऑक्टोबरमध्ये स्वयंपाकघरात बसून भाजलेले बटाटे खात असती, आणि बाहेर पाऊस पडत असता, आणि दाराला कडी लावताना घरात तीन माणसं असती.

"काय झालं तरी काय?" पॅकीनं विचारलं.

"सोर्खाची यादी. कॉलेजची."

"तिला ते पंख्यांचं शिकायचंय ना? डोंगर खाली आला तरी पोरीचा हट्ट जात नाही. आमच्या नातवाचं, डेक्लनचं, तसं नव्हतं. त्याला लाकूडकाम शिकायचं होतं, लिमरिकला. गुणही होते गं पोरी, चांगले भरपूर. पण मिळालं भलतंच. कसलं ते संगणकाचं. नाताळात सोडून आला."

डिम्प्नाचा हात पेल्यावरच थांबला. "सोडून आला? मला वाटलं सुट्टीत आलाय."

"सुट्टी कसली. लाकडाच्या गिरणीत आहे, फळ्या रचतो. तोंडानं काही बोलत नाही. त्याची आई म्हणते, गुण असून त्याला का दिलं नाही? मी म्हटलं, सरकारचं यंत्र, त्याला काय विचारणार."

डेक्लनची यादी. मागच्या वर्षी, जानेवारीत. याच टेबलावर, याच खुर्चीत तो बसला होता, लांब पाय टेबलाखाली कुठं ठेवावेत ते न कळून. "लिमरिक पहिलं," असं तोही म्हणाला होता. तिनं पेन्सिल उचलून त्याला नीट समजावून सांगितलं होतं. खात्रीचं वर, स्वप्नं खाली. आणि मोठ्यानं वाचून दाखवून विचारलंही होतं. तोही उशिरानंच हो म्हणाला होता.

उठून तिनं खिडकी उघडली. मागच्या डोंगरावर माती सुटल्याचा काळा ओरखडा अजून दिसत होता. त्यावर नुकतं कुठं गवत धरू लागलं होतं.

दारात गाडी थांबली. ऑली आला. पिवळं जाकीट, बुटांना डांबर. "बूट बाहेर," डिम्प्ना सवयीनं म्हणाली. मग त्याला बाजूला, जिन्यापाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. फोन, मिस फीली, पाचची मुदत. डेक्लनचं नाही सांगितलं.

ऑलीनं डोकं खाजवलं. "आता किती वाजलेत?"

"साडेचार."

"हं." तो फिन्टनच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. "समजा, नाही केलं. तर?"

"तर काय?"

"काही नाही. म्हणजे तिला कळणार नाही. निकालात गुण कमी पडले तर काही फरकच पडणार नाही. आणि स्लायगोही इंजिनियरच करतं ना? तेच गणित, तेच सगळं." त्यानं तिच्याकडे न बघता म्हटलं, "मी नुसतं म्हणतोय. तूच म्हणालीस ना गेल्या महिन्यात, ही पण गेली तर या घरात आपण दोघं एकमेकांना काय बोलणार?"

ती तसं म्हणाली होती. खरं म्हणाली होती. आपलाच विचार त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा मात्र तो तिला नको झाला. गोष्ट तिच्या मनात होती तोवर ती काळजी होती. ऑलीच्या तोंडातून बाहेर आली तेव्हा ती सरळ चोरी वाटली.

"तुला ती फसवलेली चालेल?" तिनं विचारलं.

"मला ती घरी आलेली चालेल," ऑली म्हणाला. मग लगेच, "नाही. चालणार नाही. तू म्हणतेस तसं कर. मी कपडे आत घेतो, पाऊस येतोय." आणि तो मोज्यांवरच बाहेर गेला.

डिम्प्नानं लॅपटॉप उघडला. तो सुरू व्हायला चार मिनिटं घेतो, आज पाच घेतली. पॅकी खुर्ची जवळ ओढून बघू लागला.

"माझा फॉर्म यात आहे?"

"नाही, पॅकी. शांत बसा."

वहीत पासवर्ड होता. जानेवारीतल्या आपल्याच टापटीप अक्षरातला. पहिल्यांदा चुकीचा टाकला गेला. दुसऱ्यांदा एकेक अक्षर बघून टाकला. पान उघडलं. स्लायगो. कॉर्क. गॉलवे. त्याखाली आणखी तीन. नीटनेटकी यादी, चूक काढायला जागा नाही अशी.

बाहेर वारा सुटला. पडद्यावरचं गोल चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. पान गेलं. "जोडणी नाही," असं दिसलं.

डिम्प्ना हललीच नाही. आता तर खोटंही बोलावं लागणार नव्हतं. सोळा मिनिटं उरली होती. तिनं काहीही न करता नुसतं बसून राहायचं होतं, आणि ते खरंच झालं असतं.

तिला स्वतःची भीती वाटली. कारण क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हलकं वाटलं होतं.

"ऑली!" ती ओरडली. "ऑली, तुझा फोन दे! तुझ्या फोनवर इंटरनेट येतं?"

"रस्त्यावर येतं, घरात नाही!"

तिनं लॅपटॉप काखेत मारला आणि ती बाहेर पळाली. पाऊस सुरू झाला होता. ऑलीच्या हातात ओल्या चादरी होत्या. "गाडीत बस," तो म्हणाला, "चर्चच्या चढावर सिग्नलच्या चार दांड्या येतात." चादरी तशाच मागच्या सीटवर फेकून त्यानं गाडी काढली. आरशात डिम्प्नाला दिसलं की पॅकी टोपी सावरत, फॉर्म हातात घेऊन दारात उभा आहे.

चढावर, दफनभूमीच्या भिंतीशी गाडी थांबली. ऑलीनं फोन खिडकीतून वर, पावसात धरला. फोनच्या इंटरनेटला जोडलेला लॅपटॉप तिच्या गुडघ्यावर. पाचला आठ कमी. पुन्हा पासवर्ड. पुन्हा पान. तिनं पहिल्या ओळीतलं स्लायगो काढलं. रिकामी ओळ दिसली तेव्हा तिनं डोळे मिटले. मग उघडले आणि कॉर्कच्या अभ्यासक्रमाचा क्रमांक टाकला. दुसऱ्या ओळीत स्लायगो. तिसऱ्या ओळीत गॉलवे.

"वाच मोठ्यानं," ऑली म्हणाला. त्याची बाही कोपरापर्यंत भिजली होती. "नेहमी वाचतेस ना."

"कॉर्क," ती म्हणाली. पुढचं तिच्यानं वाचवलं नाही. तिनं बटण दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. ऑली हात आणखी वर करून काहीतरी पुटपुटत होता; प्रार्थना होती की शिवी, कळलं नाही. मग पान आलं: तुमचे बदल नोंदवले आहेत. चार वाजून छप्पन्न मिनिटं.

पाऊस टपावर वाजत होता.

"झालं?" ऑलीनं विचारलं.

"झालं."

"मला तुझ्यापेक्षा जास्त रडू येतंय," तो म्हणाला. "हे कुणाला सांगू नकोस."

घरी आले तेव्हा पॅकी चहाचा दुसरा कप स्वतःच ओतून बसला होता. डिम्प्नानं ओलं जाकीटही काढलं नाही. ती त्याच्यासमोर बसली. "पॅकी, डेक्लनची यादी मी लावली होती. लिमरिक खाली टाकायला मी सांगितलं. ते चुकीचं होतं. यंत्राची चूक नव्हती, माझी होती. मला आज कळलं."

पॅकीनं कप खाली ठेवला. त्याचा म्हातारा, खरबरीत हात टेबलावरचे टार्टचे कण गोळा करत होता.

"हे तू त्याच्या आईसमोर सांग," तो शेवटी म्हणाला. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ती मलाच मारेल." मग म्हणाला, "त्याला परत अर्ज करता येतो का?"

"येतो. पुढच्या एक फेब्रुवारीपर्यंत. त्याचे गुण आहेत तसे राहतात."

"मग या वेळी त्याचा त्यालाच भरू दे," पॅकी म्हणाला. त्यात राग होता आणि तो तिनं निमूटपणे घेतला. फॉर्म मात्र तो तिथंच ठेवून गेला.

सव्वापाचला फोन आला. "मम्मी? केलंस?"

"केलं."

"खरंच? कॉर्क पहिलं?"

"कॉर्क पहिलं."

पलीकडे खूप मुलींचा गलका होता, कुणीतरी गाणं लावलं होतं. "मला वाटलं तू नाही करणार," सोर्खा म्हणाली.

"का?"

"तू बघते म्हणालीस. तू बघते म्हणतेस तेव्हा करत नाहीस."

डिम्प्नाला हसू आलं आणि ते नीट आलं नाही. "सोर्खा, जानेवारीत मी तुला चुकीचं सांगितलं. मला तेव्हा माहीत नव्हतं. आज चार वाजता कळलं. आणि तरी पावणेपाचपर्यंत मी केलं नव्हतं. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते."

"का नव्हतं केलंस?"

"तुला माहीत आहे का ते."

"हो," सोर्खा म्हणाली. आणि मग लहानपणी म्हणायची तशी, "मम्मी, कदाचित गुण मिळणारच नाहीत. गणित खरंच वाईट गेलंय."

"मिळतील," डिम्प्ना म्हणाली. ते म्हणताना आपण कशाची आशा करतोय हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी दुपारी दोन वाजता बोलावणी यायची होती. डिम्प्नानं पतपेढीतून अर्धा दिवस सुट्टी काढली. सोर्खा टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. ऑली दाराशी, बुटांसकट, आणि आज त्याला कुणी काही म्हटलं नाही. डिम्प्ना सिंकपाशी एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होती. मेणबत्ती लावायला ती रविवारी चर्चमध्ये गेली होती, पण आपण ती नक्की कशासाठी लावतोय हे मनात म्हणायचं तिनं टाळलं होतं.

"आलं," सोर्खा म्हणाली.

डिम्प्नानं नळ बंद केला.

"कॉर्क." आणि मग ओरडून, "कॉर्क! नऊ गुण जास्त आहेत मला! पप्पा, नऊ!"

ऑलीनं तिला खुर्चीसकट उचललं. डिम्प्नानं हात पुसले. पुसतच राहिली. मग जवळ जाऊन तिनं मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. केसांना अजून उन्हाचा आणि मिठाचा वास येतोय असं तिला वाटलं. क्रीटहून येऊन दोन महिने झाले होते, वास कुठला असणार.

"इथं स्वीकारा म्हणून दाबायचं ना?" सोर्खानं विचारलं. "मम्मी, तू बघ ना एकदा, बरोबर आहे का सगळं."

"तू वाच," डिम्प्ना म्हणाली. "मला चष्मा सापडत नाहीये."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. सोर्खानं तो पाहिला आणि ती पडद्यावरचं पान ओळीनं वाचू लागली.